संकासुराची जीभ आणि माझा ऑटो आयएसओ: एका रात्रीचा पंचनामा

गेल्या वर्षी गावच्या जत्रेत दशावतार शूट केला आणि घरी येऊन फोटो उघडल्यावर अक्षरशः रडायची वेळ आली. हे लिहायला इतका उशीर का, तर आधी चूक कॅमेऱ्याची की माझी हेच ठरत नव्हतं, मग ठरलं, मग यंदा परत जाऊन तपासून पाहिलं आणि आता लिहितोय. कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण एक तर सेकंडहँड घेतलाय आणि दुसरं म्हणजे खाली जे रडगाणं आहे ते थोड्याफार फरकाने बहुतेक सगळ्या मिररलेसवाल्यांचं (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) आहे. फुल फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर, २४ मेगापिक्सेल, त्याला २८-७५ एफ २.८ लेन्स, बस्स. ट्रायपॉड नाही, फ्लॅश नाही. दशावतारात फ्लॅश मारणाऱ्याला खरं तर पालखीच्या भोयांनी उचलून गावाबाहेर ठेवला पाहिजे, पण तो विषय वेगळा.

ज्यांनी सिंधुदुर्गातली जत्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थंडीत गावोगावच्या देवळात जत्रा असते, रात्री पालखी निघते, देवळाभोवती फिरते आणि ती आत गेली की मग दशावताराचं नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. आधी आडदशावतार म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, संकासूर वगैरे आणि मग मुख्य आख्यान, ज्यात राजे, राक्षस, शाप, उःशाप आणि शेवटाकडे तलवारी घेऊन गरागरा फिरत केलेलं युद्ध. स्टेज म्हणजे मागे एक पडदा, पुढे एक बाकडा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. पूर्वी मशाली, नंतर पेट्रोमॅक्स, आता दोन बांबूंवर बांधलेले एलईडीचे हॅलोजन. हो, एलईडीचे हॅलोजन, गावात तसंच म्हणतात, दुकानात पण तसंच मागायचं.

माझा आतेभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, तो दशावताराच्या नाटक कंपनीत संकासूर करतो. काळी कफनी, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा राक्षस, पण लोक त्याला बघून घाबरत नाहीत, हसून लोळतात, कारण तो नाईकाशी म्हणजे सूत्रधाराशी जे काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं. मला हवा होता एकच फोटो, जीभ हवेत उडालेली, संकासूर उडी मारतोय, खाली पोरं खिदळतायत.

झालं काय

कॅमेरा अॅपर्चर मोडवर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते मी ठरवणार, बाकी कॅमेरा. ते ठेवलं एफ २.८. आयएसओ (मिळालेल्या उजेडात फोटो किती उजळवायचा तो आकडा) ऑटो, खाली १००, वर ६४००. मिनिमम शटर स्पीड, म्हणजे शटर किती हळू होऊ द्यायचं ती मर्यादा, पण ऑटोवर. म्हणजे बॉक्समधून काढल्यावर जवळपास जसं असतं तसंच, फक्त ६४०० ची लक्ष्मणरेषा मी स्वतः आखलेली, कारण "त्याच्या वर नॉइज येतो" (नॉइज म्हणजे फोटोवरचे दाणे) हे डोक्यात पक्कं बसलेलं. ते बसलं कधी तर माझ्या जुन्या क्रॉप सेन्सर म्हणजे छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरच्या काळात, जो १६०० लाच वाळूसारखा दिसायचा. कॅमेरा बदलला, भीती तीच राहिली.

गणपती आला तेव्हाच व्ह्यूफाइंडरमधे शटर १/६० सेकंद दिसलं. आता मिनिमम शटर ऑटोवर असलं की कॅमेरा काय करतो, तर लेन्सची फोकल लेंथ म्हणजे किती मिमीवर झूम केलंय ते बघतो आणि साधारण त्याच्या उलट आकडा धरतो, ५० ला १/५०-१/६०, ७५ ला १/८०. हा नियम हात हलू नये म्हणून आहे, फिल्मच्या जमान्यापासूनचा. समोरचा माणूस हलतोय की नाही याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, कॅमेऱ्याला काय माहीत समोर देवळाचा खांब आहे की तलवार फिरवणारा राजा. हे मला माहीत होतं म्हणून मोठ्या हुशारीने मेनूत गेलो आणि मिनिमम शटर १/२५० केला. झालं, आता निवांत. त्यानंतर रात्रभर मी समजत होतो की माझा एकही फोटो १/२५० च्या खाली गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन लॅपटॉपवर लावले. संकासुराचे फोटो बघतो तर काळा संकासूर राखाडी, मागचा पडदा धुतल्यासारखा फिका आणि जीभ म्हणजे एक गुलाबीसर धूर. त्याच्या पुढचाच फोटो, पांढऱ्या धोतरातला नाईक पुढे आलाय, तर तो अंधारा, चेहरा कोळसा. परत संकासूर, परत धुतलेला. एकाच मिनिटातले फोटो, एकाच जागेवरून, आणि स्लाइड शो लावला तर कोणीतरी बटण चालू-बंद करतंय असं वाटावं. दादाला दोन-तीन पाठवले तर त्याचा फोन, "अरे ह्येच्यात माझी जीभ खंय गेली? तू माका भूतच करून टाकलंस मरे."

तपास

एक रविवार घालवून फोटोंची एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमधे केलेली नोंद, एक्झिफटूलने एका तक्त्यात काढली, शटर, आयएसओ, कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्यापेक्षा फोटो मुद्दाम किती उजळ किंवा अंधारा करायचा तो आकडा), वेळ. एक्झिफटूल फुकट आहे, काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते एवढंच, पण फोटोचं खोटं पकडायला त्याच्यासारखं काही नाही. आणि तक्ता बघताना पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की मी रात्रभर गैरसमजात होतो.

संकासुराच्या फ्रेम: १/६०, ६४००. नाईकाच्या फ्रेम: १/२५०, १६००.

नीट बघा. मी तर मिनिमम १/२५० ठेवला होता, मग १/६० आला कुठून? तर हा "मिनिमम" नावाला मिनिमम आहे. आयएसओ वाढत वाढत तुम्ही घातलेल्या मर्यादेला टेकला आणि तरीही कॅमेऱ्याच्या मते उजेड कमी पडतोय, तर तो गुपचूप शटर खाली आणतो. हे लपवलेलं नाही, निकॉन, सोनी, फुजी सगळ्यांच्या मॅन्युअलमधे एका ओळीत लिहिलेलं असतं की उजेड पुरला नाही तर शटर ठरवलेल्या वेगापेक्षा हळू होऊ शकतो. पण मॅन्युअल वाचतो कोण, आणि मेनूत तर ठळक लिहिलंय मिनिमम! मराठीत किमान म्हणजे किमान, त्याच्या खाली नाही. किमान भाडं २६ रुपये सांगून रिक्षावाल्याने २० घेतल्याचं कोणी ऐकलंय का. माझा मुद्दा एवढाच की त्या क्षणी आकडा लाल करा, पिवळा करा, काहीतरी करा. आकडा खाली दिसत होता हे खरं, १/६० असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच, पण समोर संकासूर उड्या मारत असताना खालची पट्टी वाचणारा माणूस फोटोग्राफर नसतो, तो अकाउंटंट असतो.

हे झालं शटरचं. पण मुळात कॅमेऱ्याला उजेड कमी का वाटला? दोन हॅलोजन बांबूवर बांधलेले, ते रात्रभर हललेसुद्धा नाहीत. उजेड तोच. बदलला तो वेश. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं आणि सगळ्या जगाची सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. फ्रेमभर काळी कफनी आली की ते म्हणतं अंधार झाला, वाढवा. फ्रेमभर पांढरं धोतर आलं की म्हणतं ऊन पडलं, कमी करा. नेहमीच्या फोटोत हे थोडंफार सांभाळून जातं आणि चेहरा सापडला तर आजकालचे कॅमेरे त्याच्यावर उजेड धरतात, पण बुरख्यातल्या संकासुराचा चेहरा त्याला सापडणार कुठून.

हिशोब करून बघितला. त्या स्टेजचं बरोबर एक्स्पोजर होतं साधारण एफ २.८, १/२५०, ६४००. आयएसओ दुप्पट झाला की एक स्टॉप, शटर निम्मा झाला की एक स्टॉप, एवढंच गणित आहे. संकासूर आला, मीटरला दोन स्टॉप कमी वाटले, त्याला १/२५० ठेवून २५६०० पाहिजे होता, पण मी ६४०० ला कुंपण घातलेलं, मग त्याने ते दोन स्टॉप शटरमधून काढले, १/२५० चं १/१२५, मग १/६०. नाईक आला, मीटरला दोन स्टॉप जास्त वाटले, आयएसओ ६४०० वरून १६०० वर. म्हणजे शेजारी शेजारी उभ्या दोन माणसांच्या फोटोंत चार स्टॉपचा फरक, सोळा पट, आणि बांबूवरचा दिवा तोच. हे कागदावर मांडल्यावर मला कॅमेऱ्याचा राग यायचा बंद झाला आणि स्वतःचा यायला लागला, जे तब्येतीला जास्त वाईट.

खात्री करायला घरी ट्रायल घेतली. ट्यूबलाइट, खुर्ची, खुर्चीवर आधी आईची काळी शाल, मग पांढरा टॉवेल. कॅमेरा मॅन्युअल, एफ २.८, १/२५०, फक्त आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा मोकळी सोडलेली. शालीला १२८००, टॉवेलला १६००. तीन स्टॉप, त्याच खुर्चीवर. आई दारात उभी राहून म्हणाली, "चाळीस हजाराचा कॅमेरा घेऊन आता टॉवेलचे फोटो काढतोयस का?" चाळीस नव्हते, पण घरात तोच आकडा सांगितलाय.

आता आख्यानाचा भाग, तिथे वेगळाच घोळ. साधारण दोननंतर मला अॅपर्चर मोडचा कंटाळा आला म्हणून मॅन्युअलवर गेलो, एफ २.८, १/२५०, आयएसओ तसाच ऑटो. हे कॉम्बिनेशन खरं तर चांगलं आहे, शटर खाली पडतच नाही, उजेड कमी पडला तर फक्त फोटो अंधारा होतो. पण तक्त्यात बघतो तर पावणेतीन ते साडेतीनपर्यंतचे सगळे फोटो एक स्टॉप डार्क. कॉम्पेन्सेशन उणे एक. मी ते लावलेलं नव्हतं, डायल उजव्या अंगठ्याखाली, त्याला लॉक नाही आणि गळ्यात बॅगेचा पट्टा, तो घासून फिरला. आणि माझ्या डोक्यात जुन्या डीएसएलआरची सवय की मॅन्युअलमधे कॉम्पेन्सेशनला अर्थ नसतो, त्याने फक्त मीटरची सुई सरकते. आयएसओ ऑटोवर असेल तर तसं नसतं, बहुतेक मिररलेसमधे मॅन्युअल असूनही ती डायल जिवंत असते आणि थेट आयएसओ खालीवर करते. नाव मॅन्युअल, पण अॅपर्चर, शटर, आयएसओ या तिघांतला एक अजून कॅमेऱ्याच्याच हातात.

"पण मिररलेसमधे तर जे दिसतं तेच मिळतं ना, व्ह्यूफाइंडरमधे डार्क दिसलं नाही का?" हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. नाही दिसलं. रात्री दोनला, देवळाच्या अंगणात, डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि तेव्हा डोळ्याला लावलेली ती छोटी स्क्रीन म्हणजे दिवाच वाटतो, एक स्टॉप कमी असली तरी झगझगीत. दिवसा उलटं, उन्हात तीच स्क्रीन काळी वाटते आणि माणूस उगाच प्लस करत बसतो. अशा वेळी हिस्टोग्रामच, म्हणजे फोटोत डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती ते दाखवणारा आलेखच बघायचा, डोळ्यावर विश्वास नाही. आणि ब्लर तर त्या छोट्या चित्रात कळतच नाही, तिथे सगळेच फोटो भारी असतात.

एक तिसरी गोष्ट पण सापडली, ती ऑटो आयएसओची नाही पण दोष त्याच्या नावावर जात होता. सुरुवातीचे काही फोटो मी सायलेंट म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर काढले, म्हटलं पुढे बसलेल्या आज्यांना टकटक नको. त्यात आडवे पट्टे, एक उजळ, एक काळा. आपली वीज ५० हर्ट्झ, स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं त्याला बरोबर कळतं. १/१०० ला एक आणि १/५० ला दोन लुकलुकी अख्ख्या मावतात म्हणून पट्टे जवळजवळ नाहीत, १/२५० ला आलेच. मेकॅनिकल शटरवर गेलो तेव्हा बरेच कमी झाले, पूर्ण नाही. तर काही फोटो एकाच आयएसओवर असूनही कमीजास्त उजळ आहेत त्याचं कारण हे. मी ते पण ऑटो आयएसओच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

६४०० च्या भीतीचं काय

हा माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा गुन्हेगार. मी मर्यादा घातली नसती तर संकासूर फिका आला असता, पण शार्प आला असता, आणि फिका फोटो रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून दोन मिनिटांत काळा करता येतो. धूर झालेली जीभ मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमधून परत येत नाही.

नॉइज वाढतो तो मुख्यतः सेन्सरवर उजेड कमी पडला म्हणून. एफ २.८ आणि १/२५० ठरलं की सेन्सरवर किती उजेड पडणार ते ठरलंच, आता आयएसओ १६०० ठेवा नाहीतर ६४००, उजेड तेवढाच. मी नाईकाचा १६०० चा काळाकुट्ट फोटो लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे दोन स्टॉप वर ओढला आणि ६४०० च्या बरोबर एक्स्पोजर असलेल्या फोटोशेजारी ठेवला. सावल्यांमधे थोडाफार फरक असेल, पण मला तरी १०० टक्के झूम करून सांगता येईना कोणता कोणता. म्हणजे आयएसओ कमी ठेवून मी वाचवलं काय, तर काहीच नाही. (उलट जास्त आयएसओला पांढरं लवकर फाटतं, तो तोटा खरा आहे, मुकुटाची चमक आणि हॅलोजन स्वतः फ्रेममधे असेल तर बघावं लागतं.) आणि एप्रिल २०२३ पासून लाइटरूममधेच एआय डीनॉइज म्हणजे दाणे काढायची सोय आलीय, १२८०० चे फोटो त्याच्यातून काढले तर आतेभाऊ सोडा, माझ्यासारखा किडा माणूसही तक्रार करत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपला एका फोटोला चहा होईल एवढा वेळ लागतो ते सोडून द्या.

यंदा

यंदाच्या जत्रेला जाताना दोन सेटिंग करून डायलवर साठवून नेली.

पहिलं पालखीसाठी. पालखी अंधारातून उजेडात येते, परत झाडाखाली अंधारात जाते, मधेच कोणीतरी फटाक्याची माळ लावतो, तिथे माणसाने हाताने आयएसओ बदलत बसणं म्हणजे वेडेपणा. तिथे मॅन्युअल, १/२००, एफ २.८, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा २५६००, कॉम्पेन्सेशन उणे ०.७ कारण रात्र रात्रच दिसली पाहिजे, कॅमेऱ्याला सोडलं तर तो तिची संध्याकाळ करतो. आणि इथे ऑटो आयएसओने झकास काम केलं, खरंच, एका फ्रेमला ३२०० आणि तिसऱ्याला २००००, मी स्वतः करूच शकलो नसतो. फोकस आणि माणसं बघायला डोकं मोकळं राहतं. त्यामुळे जे लोक सरसकट "ऑटो आयएसओ म्हणजे नवशिक्यांचं काम" म्हणतात त्यांना पालखीपुढे उलटं चालत फोटो काढायला सांगावं.

दुसरं नाटकासाठी, तिथे ऑटो आयएसओ बंद. उजेड बदलतो तिथे ऑटो, कपडे बदलतात तिथे हाताने, माझ्यापुरता हिशोब एवढा सोपा झालाय. गणपतीच्या आधी मृदंगवाले काका बसून मृदंग लावत होते, त्यांच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करून, म्हणजे फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजून, दोन-चार फोटो काढले आणि ठरवलं, १/४००, एफ २.८, १००००. बस्स, त्यानंतर काळा आला, पांढरा आला, जरीचा राजा आला, आकडे हलवले नाहीत. कॉम्पेन्सेशनच्या डायलवर चिकटपट्टी लावली. काका विचारतात, "कॅमेरो फुटलो काय रे?" म्हटलं नाही काका, बांधून ठेवलाय.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहाटे चारच्या सुमारास लाइट गेली, जनरेटर लागला आणि दोनपैकी एकच हॅलोजन पेटला. नाटक एक क्षणही थांबलं नाही, राजाने उलट अंधारावर एक कोटी केली आणि टाळ्या घेतल्या. मी मात्र तसाच १०००० वर खटाखट काढत राहिलो, व्ह्यूफाइंडर नेहमीप्रमाणे झगझगीत, आणि चाळीसेक फोटो अंधारात घालवल्यावर हिस्टोग्राम डावीकडच्या भिंतीला चिकटलेला दिसला. ऑटोवर असतो तर हे झालं नसतं, हे मान्य केलं पाहिजे. आता आयएसओ मागच्या चाकावर घेऊन ठेवलाय, अंगठ्याने तीन खटके म्हणजे एक स्टॉप, मेनूत जायला नको.

पण संकासूर मिळाला. दोन्ही पाय जमिनीवरून वर, कफनी फुगलेली, जीभ उजवीकडे ताणून उडालेली आणि तिच्या टोकाचा शिवलेला दोरासुद्धा दिसतोय. १०००० आयएसओ, पडद्यावर बारीक दाणे आहेत, मी मुद्दाम सगळे काढले नाहीत. दादाला पाठवला. दोन मिनिटं काही नाही, मग नुसता मेसेज, "आता गावली." संध्याकाळी बघतो तर व्हॉट्सअॅपला डीपी लावलाय, आणि गोल बसवताना त्याने जीभच कापून टाकलीय.